मधली खुर्ची

माझ्या ऐकण्याच्या खोलीत खुर्च्या पाच आहेत, पण खरी खुर्ची एकच, मधली. दोन स्पीकर आणि ती खुर्ची मिळून समभुज त्रिकोण होतो. एकेक बाजू दोन मीटर चाळीस सेंटिमीटर. ही जागा सापडायला मला दोन महिने लागले. स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे, जरासे आत वळवलेले, पुन्हा सरळ केलेले. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, वहीत आकडे. आणि एका रात्री, मी निव्वळ थकून बसलो होतो तेव्हा, गाणाऱ्या बाईंचा आवाज दोन्ही स्पीकर सोडून मधल्या रिकाम्या जागेत येऊन उभा राहिला. तिथे काहीच नव्हतं, नुसती भिंत. पण तोंड किती उंचीवर आहे ते मी बोटाने दाखवू शकलो असतो. तो क्षण ज्याने अनुभवला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही, आणि ज्याने अनुभवलेला नाही त्याला खुर्चीत बसवल्याशिवाय समजावता येत नाही.

अडचण अशी, की हे सगळं त्या एकाच खुर्चीत घडतं. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. खुर्चीतून दीड वीत बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज दूरच्या स्पीकरपेक्षा साधारण एक मिलिसेकंद आधी कानाशी पोचतो, आणि कान आधी आलेल्यावर विश्वास ठेवतो. भिंतीपुढे उभी असलेली गायिका तिथून निघते आणि जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटते. दीड वीत फक्त! म्हणजे स्टिरिओ ही मुळातच एका माणसापुरती गोष्ट आहे. तुम्हाला आवडलेलं गाणं दुसऱ्याला नीट ऐकवायचं असेल तर उठावं लागतं. त्याला मध्ये बसवायचं आणि आपण बाजूला, जिथे आपल्याच कष्टाने जमवलेलं चित्र आपल्यापुरतं मोडलेलं असतं, तिथे बसायचं.

सुरुवातीला मला हे जड गेलं, खोटं कशाला सांगू. आता मात्र असं झालं आहे की माझ्या आवडीच्या तबकड्या मला खऱ्या कळल्या त्या बाजूच्या खुर्चीतून.

आमचा पाच जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकाने एक अल्बम आणायचा, त्याची एक बाजू पूर्ण ऐकायची, आणि ज्याने आणला त्याने मध्ये बसायचं नाही. वाजत असताना बोलायचं नाही. एवढेच नियम. लाँग प्लेइंग तबकडी १९४८ मध्ये आली तेव्हापासून एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या आसपास संगीत बसतं, आणि माझं मत आहे की एकत्र गप्प बसायला माणसाला तेवढाच वेळ नेमका पुरतो. सीडीवरचंही आम्ही तेवढंच ऐकतो, मध्ये थांबतो, उठतो, पाय मोकळे करतो. अपवाद एकाच संध्याकाळी झाला, त्याबद्दल शेवटी सांगतो. फोनवर एकमेकांना दुवे आम्हीही पाठवतो, रोज पाठवतो, पण पाठवलेला दुवा समोरच्याने कधी ऐकला, कुठल्या जागी थांबला, कुठे त्याचा श्वास अडकला, हे आपल्याला दिसत नाही. शेजारी बसलं की दिसतं.

गटात एक मैत्रीण आहे, डबल बेस वाजवते, म्हणजे माणसाएवढं उभं, खर्जाचं तंतुवाद्य. तिला मी पहिल्यांदा मध्ये बसवलं तेव्हा जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ लावला. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हँगार्ड नावाचा तळघरातला क्लब. त्या एका दिवसात त्रयीने पाच वेळा वाजवलं आणि सगळं टेपवर उतरलं. हा अल्बम मी तोवर निदान पन्नास वेळा ऐकला असेन, आणि माझ्या लेखी तो पियानोचा अल्बम होता. पियानोचे सूर कसे दवासारखे लोंबतात, पाट्यांवरून बोट उचलल्यावर ते कसे विरतात, हे मी लोकांना सांगत असे.

ती बसली आणि पहिल्या मिनिटातच तिचा डावा हात मांडीवर हलायला लागला. बोटं दाबत होती, सोडत होती, वर सरकत होती. मी तिच्या हाताकडे बघत ऐकायला लागलो, आणि पियानोच्या खाली जे मी इतकी वर्षं ‘आधार’ समजत होतो ते आधार नव्हतंच. ते बोलणं होतं. पियानो एक वाक्य अर्धं सोडतो, बेस ते पुरं करत नाही, उलट प्रश्न विचारतो. मला उजव्या बाजूच्या खुर्चीतून अर्धवट, कलंडलेलं ऐकू येत होतं आणि तरीही असं स्वच्छ पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बाजू संपली. ती म्हणाली, “हा पोरगा पंचवीस वर्षांचा होता.” स्कॉट लाफारो, त्रयीतला बेसवाला. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, तो मोटार अपघातात गेला.

मग आम्ही तीच बाजू पुन्हा ऐकली. या ध्वनिमुद्रणात पेल्यांची किणकिण आहे, कुणी हलक्या आवाजात बोलतंय, कुणी हसतंय. चांगल्या यंत्रणेची परीक्षा घ्यायला अनेक जण हाच अल्बम लावतात तो या आवाजांसाठीही: पेला किती दूर आहे, खोली केवढी आहे, हे कळतं की नाही ते बघायला. मीही तसाच लावत असे. त्या दिवसापासून ती किणकिण मला परीक्षेची वाटत नाही. ती माणसं आपल्या गप्पांत आहेत. त्यांना काही माहीत नाही. रविवार आहे, संध्याकाळ आहे, समोर तिघं वाजवताहेत, पुढच्या आठवड्यातही वाजवतील असं सगळे धरून चालले आहेत.

काही गोष्टी चटकन सांगून टाकतो. दोन ॲम्प्लिफायरपैकी कुठला चांगला यावर आमचा एकदा दीड तास वाद झाला, आणि नंतर मीटर लावून पाहिलं तर जिंकलेला ॲम्प्लिफायर जेमतेम एक डेसिबल मोठ्याने वाजत होता. दोन्ही समान केल्यावर पाचांपैकी एकालाही फरक सांगता आला नाही. तेव्हापासून आमच्याकडे यंत्रांची तुलना क्वचित होते. केबलबद्दलही बोलणं कमी झालं. खोलीबद्दल मात्र बोलतो, कारण खोली हे सगळ्यांत मोठं वाद्य आहे. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर जवळपास सात मीटर लांब असते. आपल्या बहुतेकांच्या खोल्या तेवढ्या लांबही नसतात, मग तो खर्ज भिंतींवर आपटून कुठे दुप्पट होतो, कुठे नाहीसा होतो. दहा हजारांची वस्तू बदलण्यापेक्षा खुर्ची हातभर पुढे ओढून बघा.

‘काइंड ऑफ ब्लू’ची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी.

आमच्यातल्या एकाकडे त्याच्या वडिलांची जुनी तबकडी होती. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा अल्बम, १९५९. कडा झिजलेल्या, पाकिटाला आतून कागदी पट्ट्या लावलेल्या. त्याच्या बालपणाचं हे संगीत. रात्री वडील दिवा मंद करून पहिली बाजू लावत आणि तो दाराशी बसून ऐके. माझ्याकडे त्याच अल्बमची नंतरच्या काळातली सीडी होती. तबकडी खरखरते म्हणून मी सहज सीडी लावली आणि त्याला मध्ये बसवलं. पहिल्या काही सेकंदांतच त्याच्या कपाळाला आठी पडली. नियम मोडून तो म्हणाला, “हे हळू आहे. आणि उतरलंय.”

मला वाटलं, भास होतोय. मग तबकडी लावली. बेसवाल्या मैत्रिणीने डोळे मिटून ऐकलं, पेटीवर सूर धरला आणि सांगितलं, तबकडी चढी आहे. टर्नटेबलचा वेग तपासला, तो बरोबर. मग दुसरी बाजू लावली, तर तिथे तबकडी आणि सीडी तंतोतंत जुळली! फरक फक्त पहिल्या बाजूला.

कारण असं आहे. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ या दिवशी मुद्रित झाल्या, न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवरच्या, कोलंबिया या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या स्टुडिओत. त्या दिवशी चाललेल्या टेपयंत्रांपैकी एक किंचित मंद फिरत होतं. मंद फिरणाऱ्या यंत्रावर उतरलेलं योग्य वेगाने वाजवलं की ते जलद आणि चढं वाजतं. तबकड्या त्या टेपवरून निघाल्या. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर होती. ही चूक १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून दुरुस्त झाली. म्हणजे तेहतीस वर्षं जगभर लोकांनी हा अल्बम पाव सुराच्या आसपास चढा ऐकला, त्यावर प्रेम केलं, त्याच्याबरोबर वाद्य जुळवायला गेले आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजून खुंट्या पिळल्या.

हे सगळं मी त्याला उत्साहाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरोबर असेल. पण बाबांच्या खोलीत ते असं नव्हतं.”

त्यावर मी काय बोलणार? आजही आमच्याकडे पहिली बाजू त्याच्या तबकडीवरून वाजते आणि दुसरी कुठूनही. त्याच्यासाठी म्हणून सुरू केलं खरं, पण आता मलाही त्या चढ्या सुरातला पहिला प्रश्न-उत्तराचा भाग ऐकताना दाराशी बसलेला एक मुलगा दिसतो. माझ्या सीडीवर तो नाही.

त्याच मित्राने मला एकदा आणखी एक गोष्ट दाखवली. एका जुन्या तबकडीची सुई त्याने खाचेत टेकवली, आवाज बराच वाढवला आणि म्हणाला, “आता काही बोलू नकोस.” आधी नुसती सळसळ. मग त्या सळसळीत, फार दूरवरून, कुणीतरी गायला लागलं. भिंतीपलीकडून यावा तसा, शब्द कळतील न कळतील असा आवाज. त्याने झटकन आवाज कमी केला, आणि त्याच क्षणी तेच शब्द, तोच सूर पूर्ण ताकदीने समोर आला. तबकडीची मूळ प्रत कोरताना मोठ्या आवाजाची खाच शेजारच्या खाचेच्या भिंतीला किंचित ढकलते, म्हणून पुढच्या फेऱ्यातलं गाणं आदल्या फेऱ्यात सावलीसारखं उमटतं. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. गाणं सुरू होण्याआधी १.८ सेकंद गाणं येऊन जातं.

शेजारी कुणी बसलेलं असतं तेव्हा माझं अगदी असंच होतं. किशोरी आमोणकरांचा भूप मी गटात आणला त्या दिवशी मध्ये बसला होता आमच्यातला तो, जो रॉकवर वाढला आहे. शास्त्रीय म्हटलं की तो आदराने चार पावलं मागे सरकतो. ‘प्रथम सूर साधे’ सुरू झाला आणि मी अस्वस्थ. एकटा असताना मला ज्या संथपणात बुडून जावंसं वाटतं तोच संथपणा आता मला त्याच्या कानांनी लांबलचक वाटायला लागला. पुढची जागा कुठली ते मला माहीत होतं. ती यायच्या आधीच ती माझ्या कानात वाजून गेलेली असे, आणि मग मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसे, पोचली का? पोचली का? एका ठिकाणी धैवतावरून खाली येताना त्या स्वर असा काही सोडतात की हातातलं फूल पाण्यात ठेवावं. तो हलला नाही. मला वाटलं, गेलं. थोड्या वेळाने, दुसऱ्याच एका जागी, जी मी कधी जागा म्हणून मोजलीही नव्हती, दोन स्वरांमधल्या नुसत्या थांबण्यावर, त्याने हळूच “आह” केलं. मी ती जागा नंतर एकट्याने दहा वेळा ऐकली. तिथे तंबोरा आहे आणि बाकी काही नाही. पण काय आहे ते! त्याच्यामुळे मला सापडलं.

दाद देणारा कसा असावा यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, तानसेनापेक्षा कानसेन होणं अवघड वगैरे. मैफिलीत दाद गाणाऱ्याला पोचते. तबकडीसमोर दिलेली दाद कुणाला पोचत असेल? मला वाटतं, ती ज्याने तबकडी आणली त्याला पोचते. तो काही गायलेला नसतो, तरी त्याच्या छातीत काहीतरी सैल होतं.

गटात सगळ्यांत वडील म्हणजे सर. निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यांच्याकडे स्वतःची यंत्रणा नाही, एक जुना रेडिओ आणि एक साधा सीडी प्लेअर आहे. ते येतात ते ऐकायला. त्यांना मध्ये बसवायला मला सर्वांत जास्त आवडे, कारण त्यांच्यासारखं ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, आणि मान डावीकडे किंचित वळलेली, जणू डाव्या भिंतीवर काही लिहिलेलं वाचताहेत. ती एकाग्रता पाहून मी माझीही मान तशी वळवून बघितली होती. एकदा आम्ही सगळ्यांनी श्रवणाची गंमत म्हणून उंच पट्टीचे नाद लावून कुणाला किती हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं ते तपासलं. सरांनी हात हलवून नको म्हटलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्या शिट्ट्या त्यांना आवडत नसतील, असं मी धरून चाललो.

गेल्या खेपेला त्यांनी दोन सीडी आणल्या. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’, दोन्हींवर वाजवणारा एकच, पियानोवादक ग्लेन गूल्ड. पहिली १९५५ च्या जूनची, तो बावीस वर्षांचा असतानाची. दुसरी १९८१ ची, तो अठ्ठेचाळीस वर्षांचा असतानाची. दोन्ही त्याच थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओतल्या, जिथे ‘काइंड ऑफ ब्लू’ झाला. मुळात ते चर्च होतं. एक आरिया, म्हणजे मूळ धून, तिची तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. सरांनी वहीत लिहून आणलं होतं: सुरुवातीची आरिया पहिल्या वेळी १ मिनिट ५३ सेकंद, दुसऱ्या वेळी ३ मिनिटं ५ सेकंद.

“स्वर तेच,” ते म्हणाले. “मधे सव्वीस वर्षं आहेत. बहात्तर सेकंद कुठून आले ते बघा.”

त्या दिवशी आणणारे तेच होते, म्हणून मध्ये दुसऱ्याने बसायचं. पण त्यांनी आणलेलं त्यांनीच नीट ऐकावं असं मला फार वाटलं आणि नियम बाजूला ठेवून मी त्यांनाच आग्रहाने मध्ये बसवलं. आधी तरुण गूल्डची आरिया ऐकली, मग दुसरी सीडी, अख्खी, न थांबता. पन्नास मिनिटांहून जास्त. तो वाजवताना गुणगुणतो हे प्रसिद्धच आहे, तंत्रज्ञांना ते कधी पुरतं काढता आलं नाही. चांगल्या यंत्रणेवर ती गुणगुण लपत नाही. पियानोच्या मागे, पियानोच्या जरा वर, एक माणूस स्वतःशी गातोय. शेवटची आरिया आली तेव्हा खोलीत कुणी हलत नव्हतं. या मुद्रणाची विक्री सुरू झाली आणि काही दिवसांतच, ४ ऑक्टोबर १९८२ ला, तो वारला. हेही सरांच्या वहीत होतं, पण त्यांनी ते वाचून दाखवलं नाही. वही उघडी होती म्हणून मला दिसलं.

संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सर उठले. म्हणाले, “पहिली आरिया पुन्हा लाव. दुसऱ्या सीडीवरची. आणि आता इथं तू बस.”

मी नको म्हणायला लागलो, ही तुमची जागा, वगैरे. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अरे, माझा डावा कान चाळीस वर्षांपूर्वी गेला. मला सगळं एकाच बाजूने येतं. मधली खुर्ची काय आणि कोपरा काय.”

ती वळलेली मान. उजवा कान समोर यावा म्हणून.

“सर, इतके दिवस सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू मला इथं बसवलं नसतंस. आणि इथं बसलेल्या माणसाकडे तू ज्या नजरेनं बघतोस ना, ते सुटलं असतं.”

ते डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. मी मध्ये बसलो, माझ्याच खोलीत, कितीतरी महिन्यांनी इतरांच्या देखत. आरिया सुरू झाली. पियानो नेमका समोर उभा राहिला, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, आणि त्याच्या मागे ती गुणगुण. सगळं जिथल्या तिथे होतं, मी चिकटपट्टीने आखून ठेवल्याप्रमाणे. दुसऱ्या ओळीपाशी माझी मान डावीकडे वळली. सरांचे हात गुडघ्यांवर होते, एक बोट किंचित वर उचललेलं, पुढचा स्वर यायच्या आधीच. पियानो मधून जरासा सरकला. मी तो सरकू दिला.